थायलंडमध्ये राहायला जाताना परदेशी रहिवाशांची मते कशी पारखावीत

बँकॉकला बदली झाल्याचे पत्र हाती पडले, की बहुतेक जण तिथे आधीपासून राहणाऱ्या परदेशी मंडळींना गाठून विचारपूस सुरू करतात. ही रीत योग्यच आहे, परंतु उत्तरे ऐकून गोंधळच वाढतो. एक जण सांगतो, थाई माणसासारखा प्रेमळ शेजारी शोधून सापडणार नाही. दुसरा सांगतो, त्यांच्या हसण्यावर जाऊ नका, मनात काय आहे ते वीस वर्षांतही कळत नाही. पोलिसांविषयी विचारले तर कोणाला कधीच त्रास झालेला नसतो आणि कोणाची पैसे दिल्यावाचून सुटकाच झालेली नसते. मी गेली नऊ वर्षे बँकॉकच्या ऑन नुत भागात राहते आहे. पहिल्या वर्षी मी अशा ऐकीव मतांच्या भरवशावर काही निर्णय घेतले आणि ते निस्तरायला बराच काळ गेला. नव्याने येणाऱ्या मराठी माणसावर ती वेळ येऊ नये, या तळमळीने हे लिहीत आहे.

मत ऐकण्याआधी सांगणाऱ्याचे तिथले बस्तान समजून घ्यावे. पट्टायात निवृत्तीच्या व्हिसावर राहणारा युरोपीय गृहस्थ, चियांग माईला लॅपटॉपवर काम करणारा तरुण, ईशान्येकडच्या ईसान भागात इंग्रजी शिकवणारी शिक्षिका आणि बँकॉकच्या सुखुमवित भागात कंपनीने दिलेल्या घरात राहणारे भारतीय कुटुंब यांचा देश कागदावर एकच असला, तरी त्यांना भेटणारी थाई माणसे वेगळी असतात. निवृत्तीच्या व्हिसासाठी वय किमान ५० असावे लागते आणि बँकेत ८ लाख बाट ठेव किंवा महिना ६५,००० बाट उत्पन्न दाखवावे लागते. त्यामुळे अशा माणसाच्या बोलण्यात दरवर्षीची मुदतवाढ, बँकेचा दाखला आणि बाटचा भाव हेच विषय पुन्हा पुन्हा येतात. त्याची तक्रार खोटी नसते, पण आपल्याला ती लागू पडेलच असे नाही. ‘इथे किती वर्षे आहात’ या प्रश्नापेक्षा ‘थाई वाचता येते का’ आणि ‘घराबाहेर रोज कोणाशी बोलता’ हे दोन प्रश्न मला अधिक उपयोगी पडले आहेत. पंधरा वर्षे राहूनही ज्याचा थाई समाजाशी संबंध घरमालक, दलाल आणि वेटर एवढाच आला आहे, त्याचे मत मूलतः पैशांच्या व्यवहाराविषयीचे असते.

इथे आपल्यासाठी एक वेगळी गोष्ट आहे. गोऱ्या परदेशी माणसाला थाई लोक ‘फरांग’ म्हणतात आणि दक्षिण आशियातून आलेल्या माणसाला बोलीभाषेत ‘खेक’ म्हणतात. ‘खेक’ या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा असा आहे, मात्र तो कोण, कोणत्या सुरात उच्चारतो यावर त्यातला मान किंवा तुच्छता ठरते. फरांग मंडळींनी लिहिलेले किंवा सांगितलेले अनुभव वाचताना, आपल्याला तसेच वागवले जाईल असे धरून चालू नये. काही ठिकाणी आपल्याकडे कमी लक्ष दिले जाईल, तर काही ठिकाणी, विशेषतः गणपतीच्या नावाने, आपल्याला अनपेक्षित जिव्हाळा मिळेल. गणपती तिथे ‘फ्रा फिकनेत’ या नावाने पुजला जातो आणि थायलंडच्या ललितकला विभागाच्या बोधचिन्हातही तोच आहे.

प्रत्येक मताला तारीख विचारावी. भारतीयांना नोव्हेंबर २०२३ पासून व्हिसाविना प्रवेश मिळू लागला आणि जुलै २०२४ मध्ये ती मुदत ३० दिवसांवरून ६० दिवस झाली. गांजा जून २०२२ मध्ये अमली पदार्थांच्या यादीतून वगळला गेला आणि जून २०२५ मध्ये तो पुन्हा वैद्यकीय चिठ्ठीच्या अटीखाली आला. मधल्या तीन वर्षांत राहून गेलेला माणूस ‘तिकडे सगळे चालते’ असे प्रामाणिकपणे सांगेल आणि ऐकणारा अडचणीत येईल. व्हिसा, औषधे आणि वाहन परवाना या तीन बाबतींत कोणाच्याही आठवणीवर विसंबू नये. निघण्याच्या आठवड्यात दूतावासाचा ताजा नियम स्वतः वाचावा.

पर्यटनाविषयीच्या तक्रारींत सर्वांत मोठा आवाज दुहेरी दराचा असतो. खाओ याय राष्ट्रीय उद्यानात प्रौढ थाई माणसाला ४० बाट आणि परदेशी माणसाला ४०० बाट पडतात. अनेक फलकांवर परदेशी लोकांचा दर इंग्रजी आकड्यांत आणि थाई लोकांचा दर थाई आकड्यांत लिहिलेला असतो, त्यामुळे फसवणूक झाल्याची भावना आणखी तीव्र होते. ही तक्रार ऐकताना मराठी माणसाने अजिंठ्याची तिकीटखिडकी आठवावी. तिथे भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पर्यटकाला ६०० रुपये लागतात. एवढेच नव्हे, तर बिमस्टेक या बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांच्या गटातल्या देशाचा नागरिक म्हणून थाई यात्रेकरूला अजिंठा ४० रुपयांतच पाहता येतो. त्याची परतफेड खाओ यायला होत नाही, याचे मला खरोखर वाईट वाटते, पण दुहेरी दर म्हणजे थाई लोकांचा लोभ, हा निष्कर्ष मला मान्य नाही. करायचे एवढेच, की थाई आकडे एका संध्याकाळी शिकून घ्यावेत आणि कामाचा परवाना किंवा थाई वाहन परवाना असल्यास तो खिडकीवर नम्रपणे दाखवावा. कधी सवलत मिळते, कधी मिळत नाही, आणि नाही म्हटल्यावर वाद घालू नये.

‘पर्यटकांनी देश बिघडवला’ हे वाक्यही वारंवार कानावर येते. २०१९ मध्ये सुमारे ७ कोटी लोकवस्तीच्या या देशात जवळजवळ ४ कोटी परदेशी प्रवासी आले, त्यामुळे ताण खरा आहे. प्रवाळ उद्ध्वस्त झाल्यामुळे माया बे हा प्रसिद्ध किनारा जून २०१८ पासून जानेवारी २०२२ पर्यंत बंद ठेवावा लागला होता. मात्र हे वाक्य बोलणारा स्वतः कधीतरी पर्यटक म्हणूनच आला होता, हे ध्यानात ठेवावे. भारतीय पर्यटकांविषयी तर फार कडवट बोलले जाते. त्यातला घोळक्याने मोठ्याने बोलण्याचा आणि दहा-वीस बाटांसाठी घासाघीस करण्याचा भाग आपण मान्य करावा आणि सुधारावा. वर्णावरून केलेली शेरेबाजी मात्र तिथेच शांतपणे नाकारावी.

आता पोलिसांकडे वळू, कारण सर्वांत जास्त भीती आणि सर्वांत जास्त अफवा याच विषयात आहेत. पहिल्यांदा हे ओळखावे, की ‘पोलीस’ म्हणून ज्यांच्याविषयी सांगितले जाते ते सगळे एकाच कामावरचे नसतात. भागातल्या ठाण्याचे पोलीस, ११५५ या क्रमांकावर इंग्रजीत बोलणारे पर्यटक पोलीस आणि व्हिसा पाहणारे इमिग्रेशनचे अधिकारी हे सगळे रॉयल थाई पोलीस दलाचेच भाग असले, तरी त्यांचे अधिकार वेगळे आहेत. म्हणून कोणी ‘पोलिसांनी छळले’ असे म्हणाला, तर कोणत्या पोलिसांनी, कुठे आणि कोणत्या कारणावरून, हे विचारावे. निम्म्या वेळा कारण विना-हेल्मेट, विना-परवाना किंवा संपलेला व्हिसा असेच निघते.

पैसे उकळण्याच्या कथा निराधार आहेत, असे मात्र म्हणता येणार नाही. जानेवारी २०२३ मध्ये बँकॉकच्या हुआय ख्वांग भागातल्या नाकाबंदीवर तैवानच्या एका अभिनेत्रीच्या गटाकडून २७,००० बाट घेतल्याचे प्रकरण गाजले. आधी इन्कार झाला आणि मग चौकशीअंती पोलिसांवर कारवाई झाली. त्या प्रकरणात निमित्त ई-सिगारेटचे होते. ई-सिगारेट थायलंडमध्ये बेकायदा आहे, बाजारात उघड दिसली तरीही. ती घेऊन जाऊ नये, बाळगू नये. लाचेला थाई बोलीत ‘खा नाम छा’, म्हणजे चहाचे पैसे, असा शब्द आहे. आपल्या ‘चहापाण्या’शी तो इतका मिळताजुळता आहे, की तो ऐकून मराठी माणूस लगेच पाकिटाकडे हात नेण्याचा धोका असतो. तसे करू नये. लाच देणे हाही गुन्हा आहे.

माझा स्वतःचा प्रसंग सांगते. दुसऱ्या वर्षी मी भारतीय परवान्यावर स्कूटर चालवत होते. आंतरराष्ट्रीय परवाना लागत नाही, असे एका जुन्या रहिवाशाने ठामपणे सांगितले होते. नाक्यावर अडवल्यावर मला आठवले ते त्याचेच दुसरे वाक्य: ‘ते फक्त परदेशी लोकांना धरतात.’ पोलिसाने शांतपणे ‘बाय सांग’, म्हणजे दंडाची चिठ्ठी, फाडून दिली आणि ठाण्याचा रस्ता दाखवला. ठाण्यात भिंतीवरच्या पंख्याखाली प्लास्टिकच्या खुर्च्यांची रांग होती. माझ्यापुढे शाळेच्या गणवेशातली दोन मुले होती, नारिंगी जाकीट घातलेला एक मोटारसायकल-टॅक्सीवाला होता आणि मांडीवर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई होती. सगळ्यांच्या हातात तशीच चिठ्ठी होती. मी दंड भरला, पावती घेतली आणि त्या एका खोलीत मला त्या रहिवाशाच्या दोन्ही वाक्यांची किंमत कळली.

तेव्हा नाक्यावर असे वागावे. वाहन बाजूला घ्यावे, शिरस्त्राण काढून हात जोडून नमस्कार करावा, आवाज चढवू नये, कारण चारचौघांत आवाज चढवणारा माणूस तिथे बरोबर असला तरी हरतो. चिठ्ठी मागावी आणि दंड ठाण्यातच भरीन, असे सांगावे. चिठ्ठीविना पैसे मागितले गेले, तर वाद न घालता ११५५ ला फोन लावावा. आणि मुळात भारतातून निघतानाच आंतरराष्ट्रीय परवाना काढून त्यावर दुचाकीची नोंद आहे ना, हे पाहावे; ती नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करण्याची शक्यता मोठी असते.

कागदपत्रांविषयीची परदेशी मंडळींची कुरकूर मला मात्र बव्हंशी खरी वाटते. परदेशी माणूस राहायला आल्यावर २४ तासांच्या आत घरमालकाने इमिग्रेशनकडे टीएम ३० ही नोंद करायची असते. माझ्या पहिल्या घरमालकाने ती केली नाही आणि मुदतवाढीच्या दिवशी हेलपाटे मला घालावे लागले. म्हणून भाडेकरारावर सही करण्याआधीच टीएम ३० ची पावती देण्याचे कबूल करून घ्यावे. दीर्घ व्हिसावर सलग ९० दिवस राहिल्यावर पत्ता कळवावा लागतो; त्यासाठी मुदतीआधीचे १५ दिवस आणि नंतरचे ७ दिवस मिळतात, चुकल्यास २,००० बाट दंड होतो. व्हिसा संपल्यावर राहिल्यास दिवसाला ५०० बाट, जास्तीत जास्त २०,००० बाट भरावे लागतात.

आपली स्वतःची मते जाहीर करतानाही सावध राहावे. राजघराण्याचा अपमान हा कलम ११२ खाली ३ ते १५ वर्षांच्या कैदेचा गुन्हा आहे आणि तो परदेशी माणसालाही लागू होतो. लेखी बदनामी हाही फौजदारी गुन्हा असून त्यासाठी २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. २०२० मध्ये को चांग बेटावरच्या एका रिसॉर्टविषयी ऑनलाइन वाईट अभिप्राय लिहिल्यामुळे एका अमेरिकी माणसाला अटक झाली होती. पुढे माफीवर प्रकरण मिटले. घरमालकावर राग आला, तर तो घरातच मराठीत व्यक्त करावा.

थाई लोक स्पष्ट नाही म्हणत नाहीत, ही तक्रार रोजच्या आयुष्यातली आहे आणि ती समजून घेण्याची सोय मराठीत आयती आहे. ज्याला ते ‘क्रेंग चाय’ म्हणतात, त्याच्या फार जवळ आपली ‘भीड’ येते. समोरच्याला अवघडल्यासारखे होऊ नये म्हणून कारागीर ‘उद्या येतो’ म्हणतो. त्यामागे फसवण्याचा हेतू असतोच असे नाही. त्याला ‘येणार का’ असे विचारण्याऐवजी ‘सकाळी सोयीचे की संध्याकाळी’ असे विचारावे, म्हणजे उत्तर मिळते. नात्यांच्या हाकाही अशाच उपयोगी पडतात. वयाने थोड्या मोठ्या माणसाला ‘पी’, लहानाला ‘नोंग’, आईवडिलांपेक्षा मोठ्या वाटणाऱ्या बाईला ‘पा’ म्हणतात. ताई, दादा आणि मावशी म्हणत वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे शिकवावे लागत नाही. शाकाहारी माणसाने ‘मांगसविरात’ हा शब्द पाठ करावा, तो आपलाच ‘मांसविरती’ आहे. त्यापाठोपाठ ‘माय साय नाम प्ला’, म्हणजे माशाचा सॉस घालू नका, हे न विसरता सांगावे, कारण नुसत्या पहिल्या शब्दावर तो सॉस टळेलच असे नाही.

शेवटी प्रत्येक ऐकलेले मत एखाद्या थाई माणसापुढे ठेवून पाहावे, पण प्रश्न त्यांच्या देशाचा न्याय करणारा नसावा. आमच्या गल्लीच्या तोंडाशी कोळशावर केळी भाजून विकणाऱ्या एक पा आहेत. पोलीस वाईट आहेत का, असे मी त्यांना कधीच विचारले नाही. माझी पर्स हरवली तेव्हा ‘तुम्ही असता तर कोणत्या ठाण्यात गेला असता’ एवढेच विचारले. त्यांनी चिमट्याने केळी उलटली, हात पुसले, शेजारच्या टॅक्सीवाल्याला हाक मारली आणि म्हणाल्या, ‘या खेक नोंगला ठाण्यात सोड, आणि आत जाऊन तूच बोल.’ त्या सुरात तो शब्द पाहुणीसाठीच होता.