या चुका टाळा: बडोद्यात घर-जमिनीची दलाली करताना

बडोद्यात एजंटाबद्दल तक्रार होते ती बहुतेक वेळा खोट्या दस्ताची नसते. ठाऊक असलेली गोष्ट ग्राहकाला सांगितलेली नसते, किंवा तोंडी सांगितलेली कागदावर आलेली नसते. हे सगळं टोकनच्या आधीच्या दोन-चार दिवसांत घडतं आणि बानाखताच्या (विक्रीच्या कराराच्या) टेबलावर उघडं पडतं. म्हणून खालच्या चुका टोकनच्या आधीच पकडायला हव्यात.

‘वरचे तुमचे’ या बोलीला हो म्हणणं

मालक म्हणतो, “मला साठ लाख हातात द्या, वरचे तुमचे.” एजंट खूश होतो आणि ग्राहकाला सहासष्ट सांगतो. त्या क्षणापासून मालक आणि ग्राहक एकमेकांशी मोकळेपणाने बोलू नयेत अशी एजंटाची गरज होऊन बसते. पुढची अडचण कागदाची. ग्राहकाने कर्ज काढून सहासष्ट लाख चेकने दिले, तर दस्तावर सहासष्टच येतात आणि कर मालकाच्या गळ्यात पडतो. दस्त साठचा केला, तर सहा लाख रोख फिरवावे लागतात. दोन्ही वाटा भांडणाकडे जातात.

१८७२ च्या भारतीय करार कायद्यात हे स्पष्ट आहे. मालकाला न कळवता एजंटाने त्याच्याच व्यवहारात स्वतःसाठी नफा काढला, तर मालक तो मागू शकतो. कामात गैरवर्तन केलं, तर त्या कामाच्या दलालीवरचा हक्कही जातो.

उपाय साधा आहे. जागा दाखवण्याआधी एक पानी पत्र करा: तुम्ही कोणाच्या बाजूने काम करता, दलाली किती टक्के, कोण देणार, बानाखताला की दस्ताला, जीएसटी धरून की वेगळा. दोन्हीकडून एक-एक टक्का घेणार असाल तर दोघांच्याही पत्रात तसं लिहा. बिल्डरकडून जास्तीचं इन्सेंटिव्ह मिळणार असेल तर खरेदीदाराला सांगा. जागा नातेवाइकाची असेल किंवा तिच्यात तुमची भागीदारी असेल, तर ते सगळ्यात आधी सांगा. व्यवहार अर्धा झाला आहे आणि हे सांगायचं राहून गेलं आहे? बानाखताआधी दोन्ही पक्षांना लेखी कळवा. दलाली थोडी कमी होईल, पण व्यवहार टिकेल.

टोकन स्वतःच्या खिशात ठेवणं

टोकन मालकाच्या नावाच्या चेकने किंवा बँकेतूनच जायला हवं. मालमत्तेच्या व्यवहारात ₹२०,००० किंवा जास्त रोख आगाऊ घेण्याला आयकर कायद्यात मनाई आहे आणि दंड घेतलेल्या रकमेइतका होऊ शकतो. तो घेणाऱ्यावर बसतो, म्हणजे तुमच्याच अशिलावर. नव्या प्रकल्पात नोंदणीकृत करार होण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम बिल्डरला घेता येत नाही. ‘आजच वीस टक्के भरा, भाव वाढतोय’ असं तुम्ही ग्राहकाला सांगत असाल, तर बिल्डरच्या कायदेभंगात तुम्ही सामील होता.

पावतीवर ठरलेला भाव, मिळकतीचं पूर्ण वर्णन, कागद तपासायची मुदत (दहा ते पंधरा दिवस पुरतात) आणि टोकन कधी परत मिळेल हे लिहा. टायटल साफ निघालं नाही किंवा बँकेने कागदांत खोट काढून कर्ज नाकारलं तर पूर्ण रक्कम परत, हे वाक्य हवंच. नसलेला ‘दुसरा ग्राहक’ उभा करून सही घेऊ नका. घाईने दिलेलं टोकनच पुढे परत मागितलं जातं.

कागद ‘वकील बघतील’ म्हणून सोडणं

दांडिया बाजार, रावपुरा भागातले जुने वाडे विकताना घरात राहणारा एक भाऊ ‘सगळे तयार आहेत’ म्हणतो आणि एजंट तेवढ्यावर जाहिरात टाकतो. पेढीनामा (वंशावळ) मागवा आणि सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावरची नावं त्याच्याशी ताडून पाहा. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर पुण्या-मुंबईला दिलेल्या बहिणींचा हक्क नाही असं गृहीत धरता येत नाही. त्यांची संमती किंवा नोंदणीकृत हक्कसोड हवी. जुना भाडेकरू असेल तर तो खरेदीदाराला पहिल्याच भेटीत कळला पाहिजे. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सांगितलं आहे. विक्रेता अनिवासी असेल तर ‘पन्नास लाखांवर एक टक्का टीडीएस’ हा हिशेब लागू होत नाही. कपात बरीच जास्त होते, तेव्हा सीएकडे वेळेत पाठवा.

जमिनीत फसगत जास्त होते. टी.पी. (नगररचना) स्कीममध्ये मूळ खंडातून रस्ते-बागांसाठी कपात होते, म्हणून सातबाऱ्यावरचं क्षेत्र सांगून सौदा करू नका. एफ फॉर्मवरचा (स्कीममधल्या मूळ आणि अंतिम खंडांच्या तक्त्यावरचा) अंतिम खंडाचा आकडा दाखवा. गुजरातमध्ये शेतजमीन बिनशेतकऱ्याला घेता येत नाही. ‘नंतर एन.ए. (बिनखेती) करून देतील’ म्हणत नोटरीच्या कागदावर प्लॉट खपवणं हा गुन्हा तुमच्याही दारात येतो. एनीआरओआरवर (गुजरातच्या जमीन-नोंदींच्या सरकारी साइटवर) गाव नमुना ७, ८-अ आणि ६ मधल्या नोंदी बघा, बिनखेतीचा हुकूम मागा, आणि ‘नवी शर्त’ (विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन) दिसली की कलेक्टरच्या परवानगीशिवाय पुढे जाऊ नका. शहराच्या काही भागांना अशांत धारा (अशांत भागांतल्या मालमत्ता विक्रीवर बंधन घालणारा गुजरातचा कायदा) लागू आहे. तिथे कलेक्टरची पूर्वपरवानगी नसलेली विक्री रद्दबातल ठरते. ही गोष्ट ग्राहकापासून लपवू नका, आणि परवानगीला लागणारा वेळ टोकनच्या मुदतीत धरा.

पुराचं पाणी रंगाखाली झाकणं

बडोद्यात हे वेगळं सांगायलाच हवं. २०१९ च्या जुलै-ऑगस्टमध्ये आणि पुन्हा ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी शहरात शिरलं. समा, अकोटा, वडसरसारख्या भागांत तळमजला दाखवताना ‘इथे पाणी येत नाही’ हे वाक्य ऐकीव माहितीवर बोलू नका. वॉचमन आणि तळमजल्यावरच्या दोन घरांना विचारा: दोन्ही वर्षी पाणी किती फूट चढलं, किती दिवस राहिलं? मीटर बोर्ड, जनरेटर आणि लिफ्टचं पॅनेल कुठल्या उंचीवर आहे ते पाहा. बेसमेंट पार्किंग असेल तर पंप चालू करून दाखवायला सांगा. मिळालेली माहिती ग्राहकाला लिहून द्या. काही ग्राहक मागे फिरतील. जे घेतील ते पूर्ण माहितीनिशी घेतील आणि पुढच्या पावसात तुम्हाला जबाबदार धरणार नाहीत.

सुपर बिल्टअपचा भाव सांगणं

४५ लाखांचा फ्लॅट ‘१२५० फूट, ३६०० चा भाव’ म्हणून सांगितला जातो. हे सुपर बिल्टअप, म्हणजे जिना-लिफ्टसारख्या सामाईक जागेचा वाटा धरून. कार्पेट ७५० फूट निघाला तर खरा भाव ६००० होतो. रेरात (स्थावर मालमत्ता नियमन कायद्यात) कार्पेट म्हणजे आतल्या भिंतींसह वापरायची जागा. बाहेरच्या भिंती, शाफ्ट, बाल्कनी त्यात नाहीत. तोच आकडा सांगा. खर्चही वेगळा लिहून द्या: ४५ लाखांवर ४.९ टक्के स्टॅम्प ड्यूटी म्हणजे ₹२,२०,५००, नोंदणी फी १ टक्का म्हणजे ₹४५,०००. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर नोंदणी फी माफ होते. त्यावर मेंटेनन्स डिपॉझिट आणि सोसायटीची ट्रान्सफर फी. बांधकाम चालू असेल तर जीएसटी, आणि बी.यू. परमिशन (इमारत वापराची परवानगी) मिळालेल्या घराला तो नाही.

रेरा नंबर ‘लागत नाही’ असं समजणं

नोंदणीकृत प्रकल्पातला फ्लॅट विकायला एजंटाची स्वतःची नोंदणी लागते, मग तुम्ही फक्त व्हॉट्सअॅपवर ग्राहक पाठवत असाल तरी. नियम मोडल्यास दिवसाला ₹१०,००० दंड, आणि तो विकलेल्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. जमीन ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा घरं आठपर्यंत असतील तर प्रकल्पाला सूट आहे. ‘टप्प्याटप्प्याने आठ-आठ’ करून ही सूट मिळत नाही, कारण सगळे टप्पे मिळून मोजले जातात. जाहिरात टाकण्याआधी गुजरेराच्या (गुजरातच्या रेरा प्राधिकरणाच्या) साइटवर प्रकल्पाचा नंबर, मंजूर नकाशा आणि ताबा देण्याची तारीख बघा. जाहिरातीतली तारीख तीच असावी.

नोंदी न ठेवणं

एजंटाने हिशेबाची पुस्तकं ठेवावीत असं कायदाच सांगतो. प्रत्येक व्यवहाराची एक फाइल ठेवा: दलालीचं पत्र, टोकन पावती, दिलेल्या कागदांची यादी ग्राहकाच्या सहीसह, आणि पूर, भाडेकरू, वाद यांबद्दल लिहून दिलेली माहिती. तक्रारीची नोटीस आली तर आधी ही फाइल काढा, तारखेच्या क्रमाने प्रती लावा आणि मगच उत्तर लिहा. ग्राहकाला किंवा बिल्डरला फोन करून ‘मिटवून टाकू’ म्हणू नका. तो फोन पुढे तुमच्याच विरोधात दाखवला जातो.