त्वचेची तक्रार घेऊन आलेलं जनावर तपासताना या चुका टाळा

अंग ओरबाडणारं कुत्रं टेबलावर आलं की हात आपसूक स्टिरॉइडच्या इंजेक्शनकडे जातो. खाज थांबते, मालक खूश होतो. पण मूळ कारण जागच्या जागी राहतं. त्वचेवरच्या खुणा पुसट होतात आणि डेमोडेक्स (केसांच्या मुळाशी राहणारा सूक्ष्म किडा) असेल तर तो अधिकच फोफावतो.

औषधाआधी नीट विचारा: खाज आधी सुरू झाली की केस आधी गेले? खाज नसताना दोन्ही कुशींवरचे केस सारखेच विरळ झाले असतील, तर हॉर्मोन्सकडे लक्ष द्यायला हवं. घरात कुणाच्या अंगावर चट्टे आहेत का, हेही विचारा. खरूज आणि नायटा दोन्ही माणसांना लागतात. मांजराच्या बाबतीत ‘खाजवत नाही’ या उत्तरावर विसंबू नका, ती आडोशाला बसून चाटत राहतात. चार केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली धरा. टोकं तुटलेली दिसली तर केस गळले नसून चाटून तोडले गेलेत.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो सूक्ष्मदर्शकासाठी त्वचा खरवडून नमुना घेताना. डेमोडेक्स मुळाशी खोल असतो. म्हणून कातडी चिमटीत दाबायची, ब्लेडवर तेल घ्यायचं आणि केसांच्या दिशेने, रक्त किंचित पाझरेपर्यंत खरवडायचं, तेही तीन-चार जागी. खरजेचा किडा मात्र वरच्या थरात आणि संख्येने थोडा असतो. त्यासाठी कानाची कड, कोपर अशा जागा वरवर पण ऐसपैस खरवडा. तरीही तो बरेचदा सापडत नाही! कानाची कड चोळल्यावर मागचा पाय खाजवायला लागला, तर स्लाइड कोरी असली तरी खरजेचे उपचार सुरू करावेत, असं माझं मत.

वूड्स लॅम्प (नायटा शोधायचा अतिनील दिवा) पाच मिनिटं तापू द्या. चमक केसाच्या दांड्यावर, हिरवी हवी. खपली किंवा मलम चमकलं तर ते धरू नका. काहीच चमकलं नाही म्हणून नायटा नाही असंही नव्हे, कारण मायक्रोस्पोरम कॅनिस या नायट्याच्या बुरशीचेही सगळे प्रकार चमकत नाहीत.

पिसवा दिसल्या नाहीत तर बारीक फणीत आलेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. मात्र तपासणीआधी आंघोळ घालू नका, हे अपॉइंटमेंट देतानाच सांगायला हवं.

बायोप्सीची (तपासणीसाठी त्वचेचा तुकडा काढायची) जागा घासून स्वच्छ करू नका. निदान बरेचदा तिथल्या खपलीतच असतं.