अवॉर्ड लेटरमध्ये खरी मदत किती, ते कसं ओळखावं

लेक बारावीत होती, तेव्हाची मार्चमधली गोष्ट. जेवणाच्या टेबलावर दोन अवॉर्ड लेटर्स, म्हणजे इथल्या अमेरिकी कॉलेजांची किती आर्थिक मदत देणार ते सांगणारी पत्रं, शेजारी शेजारी ठेवली होती. एक खासगी कॉलेजचं, दुसरं आमच्या राज्याच्या विद्यापीठाचं. खासगी कॉलेजच्या पत्रात ठळक अक्षरांत लिहिलं होतं : एकूण मदत ४१,५०० डॉलर, तुम्ही भरायचे २६,५००. विद्यापीठाच्या पत्रात मदत १४,५०० आणि भरायचे २१,५००. लेकीचा सगळा जीव त्या खासगी कॉलेजवर. नवरा म्हणाला, "पाच हजारांचाच तर फरक आहे, काढू कसेतरी." मीही हो म्हणून बसले होते.

रात्री झोप येईना, म्हणून पेन्सिल घेऊन दोन्ही पत्रं एकेक ओळ वाचत बसले. ४१,५०० मध्ये ग्रँट, म्हणजे परत न करायची मदत, होती २४,०००. बाकीचं असं : लेकीच्या नावावर फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज ५,५००, वर्क-स्टडी २,५०० आणि 'पेरेंट प्लस' ९,५००. हे पेरेंट प्लस म्हणजे आम्हा आईवडलांच्या नावावरचं कर्ज, व्याज पहिल्या दिवसापासून सुरू. वर्क-स्टडी म्हणजे मुलीनं कॅम्पसवर काम केलं की मिळणारा पगार. तो फीच्या बिलातून आपोआप वजा होत नाही. ६८,००० च्या खर्चातून फक्त ग्रँट वजा केली, तर उरले ४४,०००. विद्यापीठाच्या ३६,००० मधून ९,००० ची ग्रँट गेली, उरले २७,०००. म्हणजे फरक वर्षाला सतरा हजारांचा. चार वर्षांचा हिशोब मी त्या रात्री केलाच नाही, धीर झाला नाही.

म्हणून पहिलं काम हेच करा. कुठल्याही कॉलेजचं पत्र आलं की कागदाच्या डाव्या बाजूला परत न करायचे पैसे लिहा, म्हणजे ग्रँट आणि स्कॉलरशिप. कर्ज आणि वर्क-स्टडी उजव्या बाजूला. एकूण खर्चातून फक्त डावी बाजू वजा करा. एकूण खर्च म्हणजे नुसती फी नव्हे. राहणं, जेवण, पुस्तकं, येणंजाणं सगळं धरायचं. काही पत्रांत हा आकडा दिलेलाच नसतो, मग कॉलेजला विचारून घ्या. यात लाजण्यासारखं काही नाही : अमेरिकी सरकारच्याच लेखापरीक्षण संस्थेनं २०२२ मध्ये सांगितलं की ९१ टक्के कॉलेजं खरा निव्वळ खर्च पत्रात देत नाहीत किंवा कमी करून दाखवतात.

आता मागे जाऊ, फॉर्मकडे. सगळ्याची सुरुवात फॅफ्सापासून, म्हणजे सरकारी मदतीच्या अर्जापासून. तो फुकट आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. साधारण १ ऑक्टोबरला उघडतो आणि दोन वर्षांपूर्वीचं उत्पन्न बघतो. २०२६ च्या फॉलमध्ये, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात, जाणाऱ्या मुलांसाठी २०२४ चा टॅक्स रिटर्न. त्यातून एक आकडा निघतो, एसएआय, म्हणजे तुमच्या घराची ऐपत मोजणारा सरकारी निर्देशांक. कॉलेजचा खर्च वजा एसएआय, ही कागदावरची तुमची गरज. ती पूर्ण भागवायची सक्ती कॉलेजवर नसते, आणि बहुतेक कॉलेजं पूर्ण भागवतही नाहीत.

आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा गोंधळ व्हिसाचा. फेडरल मदतीसाठी मुलाचा दर्जा बघतात, पालकांचा नाही. मूल इथलं नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर आईवडील एच-१बी वर असले तरी फॉर्म भरा. मूलच एच-४ वर, म्हणजे पालकांवर अवलंबून असलेल्यांच्या व्हिसावर असेल, तर फेडरल मदत मिळत नाही. तेव्हा राज्याचे नियम आणि कॉलेजची स्वतःची मदत शोधायची. ज्या आईकडे एसएसएन, म्हणजे सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तिलाही फॅफ्सासाठी लागणारं ऑनलाइन खातं काढता येतं. आणि नाव! माझ्या सोशल सिक्युरिटी कार्डावर माहेरचं आडनाव, बाकी सगळीकडे सासरचं. मी सवयीनं सासरचं टाकलं आणि खातं अडकलं. कार्डावर जसं आहे तसंच लिहा, आणि दोन्ही पालकांची खाती फॉर्मच्या बरीच आधी काढून ठेवा.

मालमत्तेचं नीट समजून घ्या. राहतं घर आणि ४०१-के सारखी निवृत्तीची खाती फॅफ्सात धरत नाहीत. पण पुण्यात भाड्यानं दिलेला फ्लॅट तुमच्या नावावर असेल, तर ती गुंतवणूक आहे, दाखवावी लागते. परदेशात आहे म्हणून सुटत नाही. मुलाच्या स्वतःच्या नावावरच्या पैशांचे २० टक्के धरले जातात, पालकांच्या बचतीचे जास्तीत जास्त ५.६४ टक्के. आजोबांनी प्रेमानं नातीच्या नावावर टाकलेली रक्कम इथे महागात पडते. पालकांनी काढलेलं ५२९ खातं (शिक्षणासाठीच्या बचतीचं) पालकांच्याच बाजूला जातं.

काही खासगी कॉलेजं याशिवाय सीएसएस प्रोफाइल नावाचा मदतीचा आणखी एक फॉर्म मागतात. त्यात राहत्या घराची किंमतही विचारतात. फी पहिल्या कॉलेजला २५ डॉलर, पुढच्या प्रत्येकाला १६. वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असलेल्या घरांना माफ.

अर्ज करण्याआधीच अंदाज हवा असेल, तर कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर, म्हणजे मदत वजा जाता तुम्हाला किती खर्च येईल याचा अंदाज देणारं साधन, शोधा. २०११ पासून तो ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. आम्ही हे अकरावीच्या उन्हाळ्यात करायला हवं होतं. लेकीचं मन एका कॉलेजवर बसण्याआधी आकडे समोर असते, तर एप्रिलमधले ते रडण्याचे दोन आठवडे तिला काढावे लागले नसते.

अपील करता येतं, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं. फॉर्ममधलं उत्पन्न दोन वर्षांपूर्वीचं, आणि नवऱ्याची नोकरी त्याच जानेवारीत गेली होती. मी विद्यापीठाच्या फायनान्शियल एड ऑफिसला पत्र लिहिलं. रडगाणं नाही, एक पान : नोकरी कधी गेली, कंपनीचं पत्र सोबत, सेव्हरन्स (नोकरी जाताना कंपनीनं दिलेले पैसे) किती मिळाला, या वर्षीचं अंदाजे उत्पन्न किती. तीन आठवड्यांनी ग्रँट ४,५०० नं वाढली. मोठं आजारपण, घटस्फोट, आईवडलांच्या औषधोपचाराचा खर्च, ही कारणंही मांडता येतात. पुरावा जोडा, आणि १ मेच्या, म्हणजे कॉलेजला होकार कळवायच्या नेहमीच्या मुदतीच्या, आत उत्तर हवं असेल तर पत्र येताच लिहा.

होकार कळवण्यापूर्वी दोन प्रश्न ईमेलवर विचारा : ही ग्रँट चारही वर्षं आहे का, आणि स्कॉलरशिप टिकवायला जीपीए (गुणांची सरासरी) किती लागतो? उत्तर लेखी ठेवा. फॅफ्सा दरवर्षी नव्यानं भरायचा असतो, आम्ही या ऑक्टोबरमध्ये पुन्हा भरला.

पत्रातलं कर्ज सगळंच्या सगळं घ्यायलाच हवं असं नसतं. पहिल्या वर्षाच्या ५,५०० पैकी जास्तीत जास्त ३,५०० सबसिडाइज्ड असतात, त्यांचं व्याज शिक्षण चालू असेपर्यंत सरकार भरतं. पेरेंट प्लसला १ जुलै २०२६ पासून नव्यानं घेणाऱ्यांसाठी मर्यादा आली आहे, एका मुलामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,०००. पोर्टलवर प्रत्येक कर्जासमोर रक्कम बदलता येते किंवा नाकारता येते. लेकीनं ते ३,५०० ठेवले, बाकीच्या दोन हजारांसमोर नकार दाबला, आणि उन्हाळ्यात लायब्ररीत काम करून तेवढे स्वतः उभे केले.