माऊसचा रिसीव्हर लॅपटॉपच्या आत बसवताना

बिनतारी माऊसचे संदेश घेणारा, यूएसबी पोर्टात खोचलेला नखाएवढा रिसीव्हर लॅपटॉप पिशवीत सरकवताना दोनदा वाकला, तेव्हा तो कायमचा आतच बसवायचे मी ठरवले. बॅटरीची जोडणी सर्वांत आधी सोडवली, मग मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य सर्किट-बोर्ड, उलटा करून एका यूएसबी २.० पोर्टच्या चार पिनांवर बारीक तारा सोल्डर केल्या: लाल ५ व्होल्टसाठी, पांढरी व हिरवी डेटासाठी आणि काळी ग्राउंडसाठी. डेटाच्या तारा आखूड ठेवून त्यांना पीळ द्यावा. एकाच डेटा-जोडीवर दोन उपकरणे चालत नसल्याने तो पोर्ट मी बाहेरून बंद केला. त्यामुळे ज्याच्याकडे मोजकेच पोर्ट आहेत त्याने हा त्याग नीट विचार करूनच करावा.

खरी अडचण जागेची निघाली. रिसीव्हरचे आवरण काढल्यावर आतल्या सर्किट-पट्टीच्या टोकाशी तांब्याची नागमोडी रेघ दिसते, ती त्याची अँटेना. प्रथम ती धातूच्या पत्र्याखाली आल्याने २.४ गिगाहर्ट्‌झचे संदेश अडत होते आणि पडद्यावरचा बाण अडखळत सरकत होता. यूएसबी ३.० पोर्टचा रेडिओ-गोंगाटही याच वारंवारता-पट्ट्यात येतो, म्हणून त्यापासून दूर, तळहात टेकतो त्या प्लास्टिकच्या कोपऱ्यात, उष्णतारोधक कॅप्टॉन टेपमध्ये गुंडाळून रिसीव्हर चिकटवला, आणि बाण पूर्ववत सरसर फिरू लागला.