मीटरपासून मागच्या वर्कशॉपपर्यंत जमिनीखालून वीज: कुदळ मारण्याआधीची तयारी

बंगल्यामागच्या गॅरेजमध्ये किंवा शेडमध्ये वर्कशॉप थाटायचं ठरलं की लोक आधी चर खणायला माणूस बघतात. सुरुवात कागदापासून करा. शेडमध्ये काय काय चालणार ते लिहून काढा आणि प्रत्येक मशिनच्या नेमप्लेटवरचे अँपिअर त्यापुढे मांडा. नुसत्या एचपीवरून अंदाज बांधू नका. १ एचपी म्हणजे ७४६ वॉट हे खरं, पण ते मोटरच्या शाफ्टवर मिळणारे. लाइनमधून मोटर त्याहून बरंच जास्त खेचते. २ एचपीची सिंगल फेज मोटर साधारण ११ अँपिअर घेते आणि सुरू होताना काही क्षण त्याच्या पाच-सहा पट.

आता एकाच वेळी काय चालेल याचा विचार करा. सुतारकामाचं उदाहरण घेऊ. टेबल सॉ २ एचपी, भुसा ओढणारा ब्लोअर १ एचपी, आणि कोपऱ्यात २ एचपीचा कॉम्प्रेसर. माणूस एकटा असला तरी कॉम्प्रेसर टाकीतला दाब उतरला की आपोआप सुरू होतो, नेमका तुम्ही फळी कापत असताना. म्हणून तिन्ही धरायचे. दिवे-पंखे मिळून ३० अँपिअर, म्हणजे जवळजवळ ७ किलोवॉट. वेल्डिंग मशिन आणायचा विचार मनात असेल तर तेही आजच यादीत घाला.

हा आकडा हातात आला की वीजबिल काढा आणि त्यावरचा मंजूर भार बघा. बऱ्याच घरांचा मंजूर भार दोन-तीन किलोवॉटचाच असतो, आणि त्यावर गिझर नि एसी आधीच बसलेले असतात. तेव्हा भार वाढवून घ्यावा लागणार, आणि बहुतेक वेळा थ्री फेजच मागावी लागणार. तिथे कंटाळा करू नका. तीच २ एचपीची मोटर थ्री फेजवर साडेतीन अँपिअरच्या आसपास घेते, त्यामुळे पुढचं सगळं गणित हलकं होतं. वर्कशॉप छंदाचं आहे की पैसे घेऊन काम करणार आहात, हेही आत्ताच ठरवा. घरगुती जोडणीवर धंदा चालवला तर वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर धरला जाऊ शकतो, आणि आकारणी लागू दराच्या दुपटीने होते. वितरण कंपनीच्या कार्यालयात जाऊन आपल्या वापराला कोणता दर लागतो ते विचारून घ्या.

परवाना नसलेल्या माणसाकडून जोडणी करून घेऊ नका. नियमाप्रमाणे हे काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराचं आहे आणि भार वाढवतानाही त्याचा टेस्ट रिपोर्ट लागतो. मार्ग आखणं, चर खणणं, वाळू-विटा आणणं, फोटो काढणं हे तुम्ही करा. ग्लँड (केबल बोर्डात शिरते तिथे तिला घट्ट धरणारा धातूचा भाग), टर्मिनल आणि चाचणी त्याच्यावर सोडा. दोघांनी मिळून केलेलं काम स्वस्तही पडतं आणि नीटही होतं.

केबलची जाडी दुकानदाराला ठरवू देऊ नका. मीटरपासून शेडपर्यंतचं अंतर टेपने मोजा. भिंतीवरची चढउतार धरा आणि दोन्ही टोकांना दीड-दोन मीटर जादा ठेवा. समजा ३० मीटर झालं. सिंगल फेजवर ३० अँपिअर वाहत असताना ४ चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये सुमारे १० व्होल्ट वाटेतच जातात, ६ मध्ये साडेसहा, १० मध्ये चार. कागदावर ६ चालते. पण कॉम्प्रेसर उठतो तेव्हा प्रवाह क्षणभर ७५ अँपिअरपर्यंत जातो आणि त्याच ६ च्या केबलमध्ये १६-१७ व्होल्ट पडतात. तुमच्या भागात संध्याकाळी मुळातच २१० व्होल्ट येत असतील तर मोटर गुरगुरत राहते, उठत नाही, आणि वाइंडिंग तापतं. म्हणून सिंगल फेजवरच राहणार असाल तर या अंतराला मी १० चौरस मिमीच सुचवेन. ॲल्युमिनियम स्वस्त पडतं, पण तांब्याच्या ६ ची बरोबरी करायला ॲल्युमिनियमची १० लागते, आणि तांब्याच्या टर्मिनलला जोडताना बायमेटल लग, म्हणजे दोन धातू जोडणारं टोक, लावावाच लागतो. तो टाळला की जोड सैल होतो, तापतो आणि जळतो.

केबल आर्मर्डच हवी, म्हणजे आतल्या कोअरवर (आवरण असलेल्या एकेका तारेवर) लोखंडी तारांचं किंवा पट्ट्यांचं चिलखत असलेली, ११०० व्होल्टची, आयएसआय मार्कची. पंपाची चपटी केबल पीव्हीसी पाइपात घालून पुरलेली सगळीकडे दिसते. घूस, उंदीर आणि पुढच्या वर्षी आळं करणाऱ्याची कुदळ, यातल्या कशापुढेच ती टिकत नाही. आणखी एक गोष्ट बघून घ्या. तीन कोअरच्या आर्मर्ड केबलमध्ये लाल, पिवळी, निळी अशा कोअर येतात. काळी आणि हिरवी नसतेच. तीच घेतलीत तर न्यूट्रलच्या कोअरवर काळी आणि अर्थच्या कोअरवर हिरवी स्लीव्ह दोन्ही टोकांना चढवायला सांगा, नाहीतर पाच वर्षांनी येणारा वायरमन अंदाजाने जोडेल. माझी पसंती चार कोअरला आहे. आज लाल फेज, काळी न्यूट्रल; पिवळी नि निळी टोकं बंद करून राखीव. सोबत त्याच चरात एका एचडीपीई पाइपातून हिरवी, तितक्याच जाडीची तांब्याची अर्थ वायर. उद्या थ्री फेज आली तर पुन्हा खणायची वेळ येत नाही.

अर्थिंगवर मात्र सगळ्यात जास्त वेळ द्या. आपल्याकडच्या बहुतेक जुन्या घरगुती जोडण्यांत खांबावरून दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ म्हणजे अंगणातला आपलाच खड्डा. आता शेडमध्ये ड्रिल मशिनच्या बॉडीला फेज लागला असं धरा. शेडच्या खड्ड्याचा रोध ५ ओहम असला, जो काही वाईट म्हणता येणार नाही, तरी प्रवाह वाहणार २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर, तोही फार तर. ३२ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी, म्हणजे जादा प्रवाह आला की आपोआप बंद होणारा स्विच, तात्काळ पडायला १६० ते ३२० अँपिअर लागतात. तो पडणार नाही, निदान लगेच तरी नाही, आणि तेवढा वेळ मशिनची बॉडी जिवंत राहील. ‘आपण शेडला वेगळं अर्थिंग केलंय’ म्हणून निर्धास्त असलेल्या प्रत्येकाने हे गणित एकदा करून बघावं.

इथे जीव वाचवतो तो आरसीसीबी, म्हणजे प्रवाहाची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी शेडच्या बोर्डात हवाच. यावर तडजोड नाही. घराकडच्या टोकाला, जिथून केबल निघते तिथे, १०० मिलिअँपिअरचा थोड्या उशिराने पडणारा, म्हणजे एस प्रकारचा, दुसरा बसवा. म्हणजे जमिनीतल्या केबललाही संरक्षण मिळतं आणि शेडमधल्या गळतीने घर अंधारात जात नाही. खड्डा शेडजवळ करा, पण शेडचा अर्थ आणि घराचा अर्थ त्या हिरव्या तारेने जोडलेले हवेत. केबलचं आर्मरही दोन्ही टोकांना अर्थला बांधा. मात्र एकमेव अर्थ म्हणून त्याच्यावर विसंबू नका. शेडच्या बोर्डात न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधणारा वायरमन भेटला तर त्याला तिथेच थांबवा.

मग मार्ग. घराचा नकाशा नसेल तर पाण्याची पाइप, ड्रेनेजचे चेंबर, शोषखड्डा आणि शहरात असाल तर पाइप गॅस, हे सगळं विचारून, हुडकून चुन्याने जमिनीवर आखा. नारळ-आंब्याच्या बुंध्यापासून लांबून जा. भारतीय मानक आयएस १२५५ प्रमाणे अशा केबलच्या माथ्यावर ७५० मिमी माती हवी. गाडी जाते तिथे एक मीटर धरा आणि केबल जाड पाइपातून न्या. ७५० मिमी म्हणजे अडीच फूट. काळ्या मातीत ते एका दिवसाचं काम आहे. मुरमात कुदळ झिजते, आणि दख्खनच्या कातळावर फुटाभरात टणत्कार ऐकू येतो. तिथे खोली कमी ठेवून वर नुसती माती लोटू नका. जीआय पाइपातून केबल नेऊन त्यावर काँक्रीट ओता किंवा सरळ मार्ग बदला. म्हणूनच मार्ग पक्का करण्याआधी पहारेने तीन-चार ठिकाणी भोकं पाडून बघा. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते नि पावसात फुगते, तेव्हा केबल ताणून टाकू नका, थोडी नागमोडी सोडा. दिवाळीनंतर काम काढलं तर जमीन मऊ असते आणि मृगापर्यंत चर भरून, दबून बसतो.

चराच्या तळाशी दगड-गोटे वेचून ७५-८० मिमी चाळलेली वाळू अंथरा. केबलचं वेटोळं आडवं ठेवून टोक ओढू नका, पीळ पडतो; वेटोळं उभं धरून गडगडत न्या. वळणाची त्रिज्या केबलच्या व्यासाच्या बारापट तरी असू द्या. वर पुन्हा तेवढीच वाळू, तिच्यावर विटा आडव्या, मग माती, आणि निम्म्या खोलीवर धोक्याची लाल-पिवळी पट्टी. जमिनीत जोड नको, एकही नको. त्यासाठी दहा मीटर जास्त केबल घ्यावी लागली तरी घ्या. त्याच चरात, फूटभर अंतर ठेवून, एक रिकामी पाइप टाका आणि तिच्यात नायलॉनची दोरी ओवून ठेवा; इंटरनेट किंवा कॅमेऱ्याची वायर लागतेच. पाइपांची तोंडं डक्ट सीलंटने बुजवा. शेड घरापेक्षा खालच्या अंगाला असेल तर पावसाळ्यात पाइपातून पाणी थेट बोर्डात उतरतं, कोकणात तर हमखास.

ग्लँड बसवताना जवळ उभे राहा. बाहेरचं काळं आवरण सोलल्यावर आर्मरच्या तारा फुलासारख्या उलगडून ग्लँडच्या शंकूवर सगळीकडून सारख्या बसल्या पाहिजेत आणि मग नट आवळला पाहिजे. घाईत निम्म्या तारा कापून टाकतात आणि उरलेल्या वळवून बांधतात. ते मान्य करू नका. ग्लँडबरोबर अर्थ टॅग लागलाय ना, तेही बघा. शेडच्या बोर्डात दोन पोलचा मेन आयसोलेटर, म्हणजे फेज नि न्यूट्रल दोन्ही तोडणारा मुख्य स्विच, दारातून हाताला येईल असा हवा, दिवे वेगळ्या एमसीबीवर हवेत म्हणजे सॉने एमसीबी पाडला तरी फिरत्या पात्याजवळ अंधार होत नाही, आणि वळवाच्या विजांनी व्होल्टेज उसळलं तर ते झेलायला एक सर्ज प्रोटेक्टर.

चर उघडा असतानाच मेगर, म्हणजे केबलच्या आवरणाचा रोध मोजणारं यंत्र, लावून घ्या. ५०० व्होल्टवर प्रत्येक कोअर दुसऱ्या कोअरशी आणि आर्मरशी तपासायची. नियमाला १ मेगाओहम पुरतो, पण नव्या केबलला शेकडो दिसायला हवेत. दोन-पाच दिसले तर आवरण कुठेतरी सोललं आहे, ते शोधल्याशिवाय माती लोटू नका. अर्थचा रोध अर्थ टेस्टरने मोजून आकडा लिहून घ्या. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण फक्त उपकरण ठीक आहे एवढंच सांगतं, अर्थबद्दल काहीच नाही, म्हणून दोन्ही तपासण्या वेगळ्या करायच्या. नंतर टेप धरून फोटो काढा. घराच्या कोपऱ्यापासून किती, कंपाउंडपासून किती, खोली किती, हे आकडे फोटोत दिसले पाहिजेत. प्रत्येक वळणावर ‘केबल’ असं कोरलेली फरशी बसवा. मार्गाची आकृती दोन्ही बोर्डांच्या झाकणाच्या आतून चिकटवा, माती सहा-सहा इंचांच्या थरांनी पाणी मारून दाबत भरा, आणि पहिला पाऊस झाल्यावर चर जिथे खचेल तिथे पुन्हा भर घाला.