फील्ड प्रोजेक्ट कापसाच्या रांगेत

'पदवीधराचे गुण' नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या संस्थेच्या, फायलीत टाइप करायचं काम माझ्याकडेच असतं. चिकित्सक विचार, संवादकौशल्य, सांघिक वृत्ती वगैरे. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी कॉमर्स शिकवतो. हे गुण यावेत म्हणून पूर्वी आम्ही नागपूरहून व्याख्याता बोलवायचो. दोन तास भाषण, टाळ्या, चहा. दुसऱ्या दिवशी तेच पोट्टे बँकेची स्लिप भरून घ्यायला माझ्यापुढे उभे.

आता फील्ड प्रोजेक्टचे दोन क्रेडिट, म्हणजे ६० तास, मी त्यासाठीच वापरतो.

विषय एका प्रश्नात मावेल एवढाच घ्यायचा. 'शेतकऱ्यांच्या समस्या' मी घेऊच देत नाही. त्यावर पोरगं घरी बसून वीस पानं लिहितं. 'ओलाव्यापायी कापसाचे किती पैसे कापले जातात?' हा चालतो. गट तिघांचा, तोही मीच पाडतो. रुसवेफुगवे होतात, होऊ द्या.

मग खरेदी केंद्रावरच्या रांगेत पाठवायचं. पहिला अर्धा तास नुसतं बघायचं, वही पिशवीतच. २०२४-२५च्या हंगामात वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी अशीच उभी होती. एका कास्तकाराच्या कापसात ११ टक्के ओलावा निघाला. तिनं काही विचारायच्या आत त्यानंच विचारलं, "मंग मले क्विंटलमागं किती कमी भेटन?"

नियम तिला पाठ होता: ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव, पुढे टक्क्यामागे एक टक्का कपात, १२च्या वर खरेदीच नाही. पण हिशोब तोंडी जमेना. वही काढून मांडला. लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१, त्याचे ३ टक्के, म्हणजे सव्वादोनशेच्या वर. तेवढ्यात मागचा गाडीवाला आपला आकडा घेऊन हजर.

कच्चा अहवाल त्याच रात्री लिहायचा, मराठीत. इंग्रजीचं नंतर बघू. तपासताना मी लाल पेनानं बहुतेक एकच लिहितो, 'कोण म्हणालं?' 'बहुतांश शेतकरी नाराज' असेल तर किती जणांना विचारलं? सात? मग सातांपैकी पाच असं लिही.

सादरीकरण ग्रामपंचायतीत, त्याच लोकांपुढे. पीपीटी नाही, लाइनीचा भरवसा नसतो. आणि गुण अहवालापेक्षा वहीला जास्त.

त्या मुलीच्या वहीत मागच्या पानांवर नऊ गाड्यांचे हिशोब होते. त्यातला एक चुकलेला, कुण्या कास्तकारानं पेन मागून घेऊन दुरुस्त केलेला. नॅकच्या फायलीत 'संवादकौशल्य' या मथळ्याखाली मी त्या पानाची झेरॉक्स लावली आहे.