मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे: घरी काय करायचं, कसं करायचं

दिवाळी झाल्यावर आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि संक्रांत झाल्यावर डाव्या डोळ्याचं. दोन्ही वेळेला घरी सगळं बघायला मीच होते. ऑपरेशन अर्ध्या तासाच्या आत उरकतं, संध्याकाळी माणूस घरी, आणि मग खरं काम सुरू होतं कारण पुढचे चार ते सहा आठवडे ड्रॉप घालायचे, पाणी लागू द्यायचं नाही, आणि ज्या बाईला उभ्या आयुष्यात दुपारी आडवं होणं माहीत नाही तिला शांत बसवायचं. हॉस्पिटलमधून एक छापील कागद मिळतो पण घरात काय काय अडतं ते त्यात नसतं, म्हणून हे लिहितेय. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर अर्थात तेच ऐका.

आधी एक गोष्ट डोक्यातून काढा. घरातली मोठी माणसं खूप घाबरवतात, महिनाभर हलायचं नाही, टीव्ही नाही, भात नाही. हे सगळं जुन्या ऑपरेशनचं आहे. तेव्हा मोठा काप घ्यायचे, टाके असायचे, आत लेन्स बसवायचे नाहीत आणि माणसाला आयुष्यभर तो जाड भिंगाचा चष्मा लागायचा. माझ्या आजीचा तसाच होता. डोळ्यात लेन्स पहिल्यांदा बसवली लंडनच्या हॅरॉल्ड रिडली यांनी १९४९ मध्ये, आणि अमेरिकेच्या चार्ल्स केलमन यांनी १९६७ मध्ये फेको शोधलं, म्हणजे ध्वनिलहरींनी मोतीबिंदूचा भुगा करून तो छोट्या छिद्रातून ओढून काढायची पद्धत. आता फेकोत दोन-तीन मिलिमीटरचा काप असतो, त्यातून घडी केलेली लेन्स आत जाते आणि उघडते, बहुतेक वेळा टाकासुद्धा लागत नाही. म्हणजे जपायचं आहेच, पण मुख्य भीती दोनच, डोळ्याला इन्फेक्शन होणं आणि डोळ्यावर दाब किंवा मार बसणं. कुठलाही नियम या दोनपैकी कशासाठी आहे ते कळलं की पाळायला सोपं जातं.

ऑपरेशनच्या आधी दोन दिवस

घरची तयारी आधीच करून ठेवा. उशीचे अभ्रे आणि चादर धुऊन, दोन-तीन स्वच्छ नॅपकिन वेगळे काढून. बाथरूममध्ये पायाखाली न सरकणारी मॅट, रात्रीचा छोटा दिवा. जमिनीवरची पायपुसणी, वायर, स्टूल सगळं बाजूला करा, कारण एका डोळ्याला पट्टी असली की अंतराचा अंदाज चुकतो. आईने पहिल्याच संध्याकाळी कपात चहा ओतताना सरळ बशीच्या बाहेर ओतला, हातावर गरम पडता पडता वाचलं. नंतर तिला सांगितलं की किटलीची चोच कपाच्या काठाला टेकव आणि मगच ओत. जिना उतरताना कठड्याला हात हवाच. आणि केस आदल्या दिवशी धुऊन घ्या, पुढे बरेच दिवस धुता येणार नाहीत.

पट्टी काढल्यावर

काही ठिकाणी पट्टी त्याच संध्याकाळी काढतात, काही ठिकाणी दुसऱ्या दिवशी सकाळी. काढल्या काढल्या लख्ख दिसतं असं नाही. धूसर दिसतं, उजेड सहन होत नाही, पाणी येतं, डोळ्यात वाळूचा कण गेल्यासारखं टोचतं. हे सगळं नॉर्मल आहे, दोन-चार दिवसात कमी होतं. पांढऱ्या भागावर लाल रक्ताचा डाग दिसला तर बघणाऱ्याला भीती वाटते पण दुखत नसेल आणि नजर कमी झाली नसेल तर तो आपोआप एक-दोन आठवड्यात जातो. काळा गॉगल देतात तो दिवसा घाला, उजेडासाठी आणि धुळीसाठी पण.

तिसऱ्या दिवशी एक गंमतच झाली. आई ओट्याशी उभी होती आणि दुधाच्या पातेल्याकडे बघत मला हाक मारली, "अगं हे बघ, या डोळ्याने पांढरं आणि या डोळ्याने साय पिवळी पडल्यासारखं." एक डोळा झाकायची, मग दुसरा. मोतीबिंदूमुळे आतली लेन्स पिवळट-तपकिरी होत जाते आणि निळा रंग अडतो, पण ते इतकं हळूहळू होतं की माणसाला पत्ता लागत नाही. नवीन लेन्स स्वच्छ असते म्हणून सगळं निळसर आणि भगभगीत वाटतं. तुमच्या माणसाला हे आधीच सांगून ठेवा, काही जण रंग बदलले म्हणून घाबरतात.

ड्रॉप, हेच खरं औषध

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. साधारण दोन-तीन बाटल्या असतात, एक अँटिबायोटिकची, एक स्टिरॉइडची, कधी सूज कमी करणारी तिसरी. कधी दोन औषधं एकाच बाटलीत असतात. स्टिरॉइडचा ड्रॉप सुरुवातीला दिवसातून सहा वेळा, मग पाच, मग चार असा कमी करत नेतात. चार्टमध्ये लिहिलेलं असतं पण रोज कोण बघणार, म्हणून मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात ६, ५, ४ असे आकडे लाल पेनाने लिहिले आणि ड्रॉप घातला की एक रेघ. आणि बाटल्यांना रबरबँड लावले, अँटिबायोटिकला एक, स्टिरॉइडला दोन. नुसतं बोटाने चाचपून कळतं कुठली आहे, बारीक अक्षर वाचायची गरज नाही. हे आईला इतकं आवडलं की चौथ्या दिवसापासून ती स्वतःच बाटली उचलून माझ्या हातात द्यायला लागली.

घालायचं कसं ते नीट सांगते. हात साबणाने धुवा, प्रत्येक वेळी. बाटली हलवायला सांगितली असेल तर चांगली हलवा, कारण काही स्टिरॉइडच्या ड्रॉपमध्ये औषध तळाशी बसतं आणि न हलवता घातलं तर वरचं पाणीच डोळ्यात जातं. माणसाला आडवं करा, वर पंख्याकडे बघायला सांगा. खालची पापणी गालाकडे हलकेच ओढली की छोटा खिसा तयार होतो, थेंब त्या खिशात टाका, बुबुळावर नको. बाटलीचं टोक पापणीला किंवा केसांना लागू देऊ नका. एकच थेंब पुरे, डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही, बाकीचं गालावर. मग डोळा अलगद मिटून ठेवायचा, पिळून नाही, आणि नाकाच्या बाजूचा कोपरा बोटाने एक-दोन मिनिटं हलकेच दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकात उतरत नाही आणि घशात कडू लागत नाही. दुसरा ड्रॉप निदान पाच मिनिटांनी, लगेच घातला तर पहिला धुऊन जातो. गालावर आलेलं स्वच्छ टिश्यूने टिपायचं, पदराने अजिबात नाही. हे शेवटचं मला दिवसातून चार वेळा सांगावं लागायचं, कारण आईचा हात आपोआप पदराकडे जायचा.

घरात दुसरं कोणी नसेल तर आडवं पडून डोळा मिटायचा, नाकाजवळच्या कोपऱ्यात थेंब टाकायचा आणि मग डोळा उघडायचा, थेंब आत जातो. हात थरथरत असेल त्यांना हे जमतं.

आता आमच्याकडे काय झालं ते. दुसऱ्या आठवड्यात मी तीन दिवस गावाला गेले होते, आणि आईला छान दिसायला लागलेलं, तिने ड्रॉप बंद केले. दिसतंय की आता, कशाला उगाच. परत आले तर डोळा लाल, उजेडाकडे बघवेना. त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवलं, आतली सूज परत वाढली होती, ड्रॉपचा चार्ट पुन्हा वरून सुरू करावा लागला. थोडक्यात निभावलं पण तेव्हा पोटात गोळा आला होता. डोळा बरा वाटणं आणि आतून बरा होणं यात काही आठवड्यांचं अंतर असतं. तुम्ही बाहेर जाणार असाल तर दिवसातून दोन फोन नुसते ड्रॉपसाठी करा.

अंघोळ, झोप, वाकणं

अंघोळ गळ्याखालून, पहिल्या दिवसापासून चालते. तोंड ओल्या कापडाने पुसा, ऑपरेशनचा डोळा सोडून. डोक्यावरून पाणी आठ-दहा दिवस नको, आणि त्यानंतरही आधी पार्लरमध्ये धुतात तसं मान मागे करून. नळाचं पाणी, विहीर, स्विमिंग पूल, कुठलंही कच्चं पाणी डोळ्यात जाता कामा नये, पोहणं निदान महिनाभर बंद.

झोपताना पारदर्शक प्लॅस्टिकचं कवच मायक्रोपोर टेपने लावायचं, साधारण आठवडाभर, कारण झोपेत हात डोळ्याकडे जातो आणि माणसाला कळत पण नाही. टेप काढताना ओढू नका, म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, बोटाने कातडी दाबून धरून हळूहळू सोडवा. उताणं झोपा किंवा दुसऱ्या कुशीवर.

पहिले एक-दोन आठवडे जड उचलायचं नाही, भरलेली कळशी नाही, गव्हाचा डबा नाही, नातवंडाला कडेवर घेणं नाही. खाली वाकून झाडू-फरशी नाही. आई रोज देवापुढे डोकं टेकते, तिला उभ्यानेच हात जोड म्हटलं तर दोन दिवस रुसली होती, मग देव्हाऱ्यासमोर खुर्ची ठेवली आणि प्रश्न सुटला. खोकला असेल तर औषध घ्या, पोट साफ नसेल तर रात्री इसबगोल, कुंथल्याने पण डोळ्यावर दाब येतो.

खाण्यात पथ्य काही नाही. भात खा, आमटी खा, लिंबू पिळा. आंबट आणि डाळीने पू होतो हे आमच्याकडे तीन बायकांनी येऊन सांगितलं, तसं काही नसतं. मात्र शुगर असेल तर ती ताब्यात हवी, जखम भरायला उशीर होतो आणि इन्फेक्शनची भीती वाढते, त्यामुळे बघायला येणाऱ्यांनी आणलेले पेढे दुसऱ्यांना वाटा. बीपी-शुगरच्या गोळ्या स्वतःहून बंद करू नका. काजळ, सुरमा, मध, गुलाबपाणी, कुणी काहीही सुचवलं तरी डोळ्यात डॉक्टरांच्या ड्रॉपशिवाय काहीही नाही. फोडणीचा खकाणा, मिरच्या, चुलीचा धूर, आरतीचा कापूर, या सगळ्यापासून पहिले पंधरा दिवस लांब.

वेळ जात नाही, त्याचं काय

यावर कोणी बोलत नाही आणि मला तर वाटतं निम्मं दुखणं हेच आहे. टीव्ही, मोबाईल, वाचन याने लेन्सला काही होत नाही, डोळे थकेपर्यंत थोडं थोडं चालतं. पण पहिल्या आठवड्यात उजेडच नकोसा वाटतो आणि घर पुढे चाललंय, आपण नुसतं बसून आहोत, हे आईला फार लागलं. मग मी दोन गोष्टी केल्या. रेडिओ आणून तिच्या उशाशी ठेवला, आणि सकाळी अर्धा तास पेपर मोठ्याने वाचायला लागले, आधी निधन वार्ता, मग बाकीचं, तिचा क्रम तसाच आहे. आणि तिला काम दिलं. मटार सोलणं, मेथी निवडणं, धुतलेल्या कपड्यांच्या घड्या. बसून होणारी, धूळ न उडणारी कामं. नुसता आराम कर म्हणू नका हो, त्याने माणूस खचतो. मटाराचं भांडं मांडीवर आल्यावर तिचा आवाज बदलला, मला फोडणीत किती हिंग घालायचा ते आतून ओरडून सांगायला लागली.

दुखत असेल तर पॅरासिटामॉलने भागतं. कपाळावर हात फिरवा, पायाला तेल लावा, डोळ्यापासून लांब जेवढा आराम देता येईल तेवढा द्या.

इथे मात्र थांबू नका

दुखणं कमी होण्याऐवजी वाढायला लागलं, लाली वाढली, नजर काल होती त्यापेक्षा कमी झाली, घाण यायला लागली, विजा चमकल्यासारख्या दिसल्या, काळे ठिपके अचानक खूप वाढले किंवा बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटलं, तर त्याच तासाला निघा. रात्र असो, रविवार असो. आतलं इन्फेक्शन बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच होतं आणि त्यात तासांचा फरक पडतो. सकाळी बघू म्हणू नका. हॉस्पिटलचा इमर्जन्सी नंबर आधीच फ्रीजवर चिकटवून ठेवा.

चष्मा आणि शेवटची तपासणी

चष्म्याचा नंबर चार-सहा आठवड्यांनी स्थिर होतो, त्याआधी घाईने चष्मा करू नका, पैसे वाया जातात. साधी लेन्स बसवली असेल तर लांबचं छान दिसतं आणि वाचायला चष्मा लागतो, यात ऑपरेशन फसलं असं काही नाही. दोन ऑपरेशनांच्या मधल्या काळात जुना चष्मा नीट बसत नाही, एक डोळा बदललेला असतो, गरगरतं. आईची त्या बाजूची काच डॉक्टरांना विचारून काढून टाकली, काम भागलं. गाडी चालवणाऱ्यांनी डॉक्टर हो म्हणेपर्यंत चावीला हात लावू नये. आणि काही महिन्यांनी किंवा वर्षांनी पुन्हा धूसर दिसायला लागलं तर मोतीबिंदू परत आला असं समजू नका, नवीन लेन्स ज्या पातळ पिशवीत बसवलेली असते तिची मागची बाजू धुरकट होते, लेझरने काही मिनिटांत साफ होते.

उरलेल्या ड्रॉपचं सांगायचं राहिलं. बाटली उघडल्यावर साधारण महिनाभरच वापरायची, आणि कोर्स संपला की फेकायची. शेजारच्या काकूंचा डोळा आला होता, त्या मागायला आल्या, तुझ्या आईचे आहेत ना उरलेले. नाही दिले. स्टिरॉइडचा ड्रॉप भलत्या डोळ्याला भारी पडू शकतो, न विचारता बरेच दिवस घातला तर डोळ्यातलं प्रेशर वाढतं. काकूंना रिक्षाने डॉक्टरकडे पाठवलं, आणि आईने दोन्ही बाटल्या बेसिनमध्ये ओतून टाकल्या, रबरबँड तेवढे काढून दाराच्या कडीला अडकवून ठेवले.